मंडळी गायली का?

मी चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, आल्टो आहे. हे काय प्रकरण आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार आवाजांच्या गाण्यात सगळ्यात वर सोप्रानो, त्याच्या खाली बायकांचाच पण खालच्या पट्टीतला आल्टो, मग पुरुषांचा टेनर आणि तळाला बेस. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते. लोक घरी जाताना गुणगुणतात ती सोप्रानोची ओळ. आल्टोच्या वाट्याला कधी कधी अख्ख्या कडव्यात मिळून तीनच सूर येतात, आणि त्यातलाही एक पुन्हा पुन्हा. माझी ओळ म्हणून दाखवून घरच्यांना गाणं ओळखायला सांगितलं, तर कुणालाही ओळखता येत नाही. आम्ही हा खेळ खेळून पाहिलाय.

त्यामुळे चर्चमध्ये क्वायर नेमका कशासाठी असतो, या प्रश्नाकडे मी कौतुकाच्या बाजूने कधी बघूच शकले नाही. आल्टोचं कौतुक कोण करतो? आमचा क्वायर चालवणारे सर सरावाला आम्हाला रागावतात तेसुद्धा असं: "आल्टो, तुम्ही ऐकू येताय."

उपासना संपल्यावर दाराशी उभं राहिलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "आज क्वायर काय सुंदर गायला!" आम्ही फुलतो. सरांचा चेहरा मात्र हलत नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, आणि तोही आम्हाला नाही, त्यांच्या मिसेसना. त्या मुद्दाम मंडळीत, म्हणजे उपासनेला आलेल्या लोकांत, शेवटून दुसऱ्या बाकावर बसतात. "मंडळी गायली का?" त्या कधी "हो" म्हणतात, कधी "तिसरं गीत गेलं" म्हणतात. गेलं म्हणजे मंडळीने मधेच सोडून दिलं. मग ते आमच्या बाजूने चारही आवाजांत अचूक झालेलं का असेना, सरांच्या वहीत त्यापुढे फुली पडते.

नव्याने येणाऱ्यांना हा माणूस अरसिक वाटतो. मला तो बरोबर वाटतो, आणि का ते सांगायलाच आज लिहायला बसलेय.

मंडळीला गायला लावायचं म्हणजे मोठ्याने गायचं, असा सर्वसाधारण समज असतो. पण क्वायर जोरात गायला लागला की लोक ऐकत बसतात. खरी मेख आहे श्वासात. ऑर्गनवर गीताची शेवटची ओळ वाजते, थांबते, आणि मग एक रिकामी जागा येते, जेमतेम एखाद्या मात्रेची. त्या जागेत क्वायरने सगळ्यांनी मिळून, दिसेल असा श्वास घ्यायचा. खांदे उचलायचे नाहीत, पण मान वर पाहिजे आणि तोंड पहिल्या स्वराच्या आकारात आधीच उघडलेलं पाहिजे. समोरच्या बाकांवरची माणसं नकळत तोच श्वास घेतात आणि पहिल्या अक्षरावर आमच्याबरोबर येतात. आमची डोकी पुस्तकात असली तर मंडळी पहिलं अक्षर खाते, दोन-तीन शब्दांनंतर कुठेतरी सामील होते, आणि मग शेवटपर्यंत तशीच अर्धवट सामील राहते. म्हणून आमच्याकडे दंडक आहे: प्रत्येक गीताची पहिली ओळ पाठ. बाकीचं बघून गा हवं तर, पहिली ओळ नाही.

श्वासाचं हे प्रकरण नुसतं आमच्या सरांच्या डोक्यातलं नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा गाण्यातल्या श्वासाच्या जागांबरोबर सगळ्यांच्या ठोक्यांची गती एकदमच कमी-जास्त होताना दिसली. सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग टेनरना वेगळं हृदय असणार."

दुसरी गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पन्नास मीटर लांबीच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत तो पोहोचेस्तोवर सुमारे ०.१५ सेकंद जातात. मागची माणसं जे ऐकतात त्यावर गातात, आणि त्यांचं गाणं परत आमच्यापर्यंत यायला आणखी ०.१५. म्हणजे आम्हाला मंडळी नेहमी जवळजवळ एक तृतीयांश सेकंद मागे ऐकू येते, ती बिचारी अगदी वेळेवर गात असली तरी. आता क्वायरने माणुसकी दाखवून त्यांच्यासाठी थांबायचं ठरवलं की संपलंच. आम्ही थांबतो, ते आणखी मागे जातात, आम्ही आणखी थांबतो, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीताचा चिखल होतो. त्यामुळे मंडळीचं ऐकायचं, पण तिच्या मागे जायचं नाही, हे पहिल्या वर्षी प्रत्येकाला शिकावं लागतं. कानांना जे ऐकू येतं त्याच्या विरुद्ध गायला फार धीर लागतो.

मग पट्टी. पुस्तकात छापलेली पट्टी पुष्कळदा शिकलेल्या आवाजांना सोयीची असते. रविवारी सकाळी, नुकत्याच उठलेल्या, आठवडाभर गाण्याशी संबंध न आलेल्या माणसाचा आवाज, पेटीच्या भाषेत सांगायचं तर, वरच्या काळी दोनपर्यंत कसाबसा जातो. त्याच्या वर चाल गेली की मधल्या बाकांवरची काकामंडळी एक सप्तक खाली उतरतात, नाहीतर पुस्तकातलं पान न्याहाळू लागतात. ज्या गीताचा वरचा सूर पांढरी चारवर जातो ते आम्ही सरळ एक सूर खाली घेतो. सोप्रानो कुरकुरतात, कारण त्यांचा आवाज तिथेच खुलतो. कुरकुरू देत.

कडव्यांची वाटणीही याच हिशेबाने होते. गीत नवं असेल तर पहिली दोन कडवी चारही आवाजांनी चालच म्हणायची, बेसनेसुद्धा. लोकांना धरायला एक दोरी हवी, चार नकोत. ओळखीचं गीत असेल तर दुसऱ्या कडव्यापासून आवाज फुटतात. मधल्या एखाद्या कडव्याला ऑर्गन थांबतो. हे माझं सगळ्यात आवडतं. वाद्य गेलं की मंडळीला अचानक स्वतःचा आवाज ऐकू येतो. काहीजण दचकून गप्प होतात, पण बहुतेकजण सरसावतात. शेवटच्या कडव्याला सोप्रानो चालीच्या वर एक वेगळीच ओळ उडवतात, तिला डेस्कंट म्हणतात. सणाला ठीक आहे. दर रविवारी केली तर ती मला आगाऊपणा वाटते, कारण ज्याच्याकडे बघून लोक चाल धरत होते तोच आवाज नेमका चाल सोडून वर निघून जातो. (आल्टो असल्यामुळे मी हे असूयेपोटी म्हणते, असं आमच्यातल्या एका सोप्रानो ताईंचं मत आहे. असेलही.)

या सगळ्यात क्वायरचं काम सर्वांत उघडपणे दिसतं ते स्तोत्र आळीपाळीने म्हणताना. बायबलमधलं १३६ वं स्तोत्र घ्या. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येकीचा दुसरा अर्धा भाग एकच: "त्याची दया सनातन आहे." पहिला अर्धा क्वायर म्हणतो, दुसरा मंडळी. आम्ही आकाश म्हणतो, पृथ्वी म्हणतो, सूर्य, चंद्र, लाल समुद्र, रान, राजे असं सगळं एकामागून एक मांडत जातो, आणि समोरून दर वेळी तेच उत्तर येतं. वाचता न येणारं पोरगंसुद्धा तिसऱ्या ओवीपासून सामील होतं. दहाव्या ओवीपर्यंत थोडा कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. मग सोळाव्या-सतराव्याच्या आसपास ते कंटाळ्याच्या पलीकडे जातं. मंडळीचा आवाज जड आणि एकसंध होतो, आणि आमचा अर्धा भागच आता त्यांच्या उत्तराला चिकटवलेला वाटू लागतो. तिथे कोण कोणाला चालवतंय ते सांगता येत नाही. हे ध्रुवपद बायबलमधल्या 'इतिहास' नावाच्या दुसऱ्या पुस्तकातही आहे. शलमोन राजाच्या मंदिरात गायक आणि कर्णे वाजवणारे एकस्वराने गायले ते हेच.

आळीपाळीने गाण्याची ही रीत किती जुनी आहे याचा एक पुरावा तर विरोधी पक्षाचा आहे. इसवी सन ११२च्या सुमारास बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानाला पत्र लिहून विचारलं, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? त्यात तो लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. मंडळीबद्दल बाहेरच्या माणसाने लिहून ठेवलेल्या अगदी पहिल्या गोष्टींपैकी ही एक. मला याची गंमत वाटते, की सरकारी अहवालातही गाणं आलंच.

पुढे मात्र गाणं मंडळीच्या हातातून निसटत गेलं. चौथ्या शतकात लावदिकीया इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने नियम केला की नेमलेल्या गायकांनीच, चौथऱ्यावर चढून, पुस्तकातून गावं, इतरांनी नाही. कारण समजण्यासारखं आहे. सगळ्यांना गाऊ दिलं की काय काय ऐकावं लागतं ते आम्हालाही माहीत आहे. पण मग शतकानुशतकं शिकलेले गायक गात राहिले आणि लोक ऐकत राहिले. गाणं अप्रतिम झालं, यात वाद नाही. चर्चच्या त्या गायकांनीच आपल्याला पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी दिली, एकावर एक आवाज रचायची विद्या दिली. फक्त बाकांवरचा माणूस मुका झाला.

सोळाव्या शतकात उलटी लाट आली, आणि ती दोन टोकांची होती. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवायचा, पण त्याच्या चर्चमध्ये १५२५पासून गाणंच थांबलं आणि थेट १५९८पर्यंत परत आलं नाही. जर्मन धर्मसुधारक लूथरने दुसरा मार्ग धरला. १५२४ साली विटेनबर्गमध्ये संगीतकार योहान वाल्टरने केलेलं गीतांचं पुस्तक निघालं, लूथरने त्याला प्रस्तावना लिहिली. लोकांच्या भाषेतली गीतं, पण रचना क्वायरसाठी, वेगवेगळ्या आवाजांत. म्हणजे नवं गीत आधी क्वायरने शिकायचं आणि मग त्याच्याकडून लोकांनी. कल्पना उत्तम होती, पण एक अडचण राहिली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चाल टेनरकडे, म्हणजे मधेच कुठेतरी गुंडाळलेली. वर-खाली इतर आवाज नाचत असताना बाकावरच्या माणसाने ती शोधायची कशी?

मग १५८६ साली लुकास ओझियांडर नावाच्या धर्मोपदेशकाने पन्नास गीतं छापली आणि चाल उचलून सगळ्यात वरच्या आवाजात ठेवली. हेतू स्पष्ट सांगितला, की अख्ख्या मंडळीला बरोबर गाता यावं. बाकीचे तीन आवाज खाली, साधे, शब्दाला शब्द. आज जगभरच्या गीतपुस्तकांत चार आवाज जसे मांडलेले दिसतात ते याच वळणाचे आहेत. मी जे तीन-तीन सूर आळवत उभी असते, त्याला जबाबदार बरेचसे हे गृहस्थ. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. शेवटून दुसऱ्या बाकावर कुणीतरी बसवायला हवं, हे त्यांना सरांच्या चारशे-सव्वाचारशे वर्षं आधी कळलं होतं.

आता यावर लगेच कुणी म्हणेल, मग क्वायरने एकट्याने गायचंच नाही का? गायचं. इथे माझं सरांशी थोडं वाकडं आहे. सरांना अर्पणाच्या वेळचं (देणगीची पिशवी फिरते तेव्हाचं) क्वायरचं खास गीत म्हणजे डोकेदुखी वाटते. "लोकांचं लक्ष पिशवीकडे, तुमचं माझ्या हाताकडे, देवाकडे कुणाचंच नाही." मला तसं वाटत नाही. ऐकणं हीसुद्धा उपासनाच आहे. उपदेश चालू असताना मंडळी कुठे बोलत असते? प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने भाकर आणि प्याला घेताना, लोक उठतात, पुढे येतात, गुडघे टेकतात, परत जातात. त्या वेळी त्यांच्या हातात पुस्तक देणं बरं नाही. तिथे कुणीतरी त्यांच्यासाठी गावं, हळू, शब्द कळतील असं, आणि भाकर-प्याला संपेल त्या क्षणी थांबता येईल असं. ते थांबणं हे वेगळंच कसब आहे. गीताची तीन कडवी उरलेली असतात आणि वेदीपाशी शेवटची आजी उठत असते. सर बोटांनी खूण करतात, आणि आम्ही कडव्याच्या शेवटी असे थांबतो की जणू गीत तेवढंच होतं.

पण एकट्याने गाण्यात धोका आहे, तो सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टीन या बिशपला आणि लेखकाला चांगला कळला होता. मिलानमध्ये ३८६ साली राजमाता युस्तिनाच्या माणसांनी चर्च ताब्यात घेऊ नये म्हणून बिशप अंब्रोस आणि त्याची मंडळी आत ठाण मांडून बसली, तेव्हा लोक दुःखाने खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या पद्धतीने गीतं आणि स्तोत्रं गायला सुरुवात झाली. हे ऑगस्टीननेच लिहून ठेवलंय, आणि तिथली गीतं ऐकून आपण किती रडलो तेही. तोच माणूस पुढे आत्मकथनात म्हणतो की गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हललो तर ते माझं पाप, आणि मग वाटतं, गाणाऱ्याचा आवाज ऐकलाच नसता तर बरं. तिथेच तो अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसची आठवण काढतो. तो स्तोत्र म्हणणाऱ्याला इतकं सपाट म्हणायला लावायचा, की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जायचं. ऑगस्टीन शेवटी गाण्याच्या बाजूने कौल देतो, पण हात थरथरत. क्वायरमध्ये उभं राहणाऱ्याने हे अधूनमधून वाचावं.

टाळ्यांचं भांडण याच धोक्याचं धाकटं रूप आहे. काही ठिकाणी क्वायरच्या गीतानंतर टाळ्या वाजतात, काही ठिकाणी वाजवल्या तर लोक वळून बघतात. १९३०च्या दशकात शिकागोच्या काळ्या लोकांच्या चर्चमधून थॉमस डॉर्सीने गॉस्पेल क्वायरची परंपरा उभी केली. तिथे टाळी, हुंकार, उभं राहणं हा गाण्याचाच भाग असतो, ते मंडळीचं उत्तरच असतं. तिथे मला काही खटकत नाही. खटकते ती गाणं संपल्यावरची, नाट्यगृहातली टाळी. ती वाजली की आम्ही एकदम पलीकडे जातो, आणि मंडळी अलीकडे प्रेक्षक म्हणून उरते.

आणि अंत्यविधी. त्याबद्दल सरांचं आणि माझं एकमत आहे.

अंत्यविधीला मंडळी गाऊ शकत नाही. पहिल्या दोन बाकांवरची माणसं तर नाहीच. घशात आवंढा असताना सूर लागत नाही, हे काही भक्तीचं कमी-जास्त नाही, ते स्नायूंचं आहे. अशा एका दुपारी आम्ही गात होतो. गेलेल्या मावशी स्वतः पूर्वी क्वायरमध्ये होत्या, आणि गीतही त्यांनीच सांगून ठेवलेलं. पहिल्या बाकावर त्यांचे यजमान. त्यांनी पुस्तक उघडलं होतं, पण ते उलटं होतं. त्यांच्या लेकीने ते हळूच सरळ केलं. पहिलं कडवं आम्ही एकट्यांनी म्हटलं, दुसरंही. मागून थोडा आवाज येत होता, तोही फाटका. सरांनी आमच्याकडे बघून तळवा खाली केला, म्हणजे कमी करा. मला ते कळेना. आधीच कुणी गात नाही, आणखी कमी कसं करायचं? तिसऱ्या कडव्यात काकांचे ओठ हलायला लागले. सूर नव्हता, नुसते शब्द, आणि ते आमच्यापेक्षा एक-दीड शब्द मागे. त्यांच्या शेजारी लेक, मग मागचा बाक. आम्ही जोरात गात असतो तर काकांना स्वतःचा आवाज ऐकूच आला नसता, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो थांबतो. चौथं कडवं बऱ्यापैकी सगळ्यांनी म्हटलं. बेसुर, पुढे-मागे, पण सगळ्यांनी. क्वायर ज्यांना आत्ता गाता येत नाही त्यांच्या वतीने गातो, आणि ते गायला लागले की बाजूला होतो. त्या दिवशी सरांनी मिसेसना काही विचारलं नाही.

बायकांनी क्वायरमध्ये असावं की नाही, यावरही चर्चच्या इतिहासात पुष्कळ शाई सांडली आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सेसिलियाच्या सणादिवशी (संगीतकारांची संरक्षक संत, आणि बाई!), पोप दहावे पायस यांनी संगीताबद्दल आदेश काढला. त्यात म्हटलं की चर्चमधले गायक खरोखरीचं उपासनेतलं पद सांभाळतात, स्त्रियांना असं पद घेता येत नाही, सबब सोप्रानो आणि आल्टो मुलग्यांकडून गाऊन घ्यावेत. राग यायचा तो येतोच. पण त्या आदेशात एक गोष्ट अशी आहे की जी आम्हाला आजही कुणी सांगत नाही, की हे पद आहे, उपासनेच्या सजावटीचं सामान नव्हे. १९५५मध्ये बाराव्या पायस यांनी अटी घालून स्त्रियांना वाट दिली. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलमध्ये मुलींचा क्वायर सुरू झाला तो १९९१ साली. म्हणजे माझ्यासारख्यांचं तिथलं उभं राहणं तसं कालपरवाचंच.

आम्ही उभं कुठे राहायचं, हाही वाद मिटलेला नाही. माडीवर मागे उभं राहिलं तर मंडळीला पाठीमागून आधार मिळतो, कुणी आमच्या साड्या बघत नाही, पण उपदेशाच्या वेळी तिथे कुजबूज चालते. पुढे उभं राहिलं तर श्वास दिसतो, आणि जांभईही दिसते. १९६३च्या ४ डिसेंबरला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दल जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात क्वायर जोपासावेत असंही आहे आणि त्याच वाक्यात मंडळीचा सहभाग राखावा असंही. १९६७च्या पुढच्या सूचनेत तर स्पष्ट लिहिलं की क्वायर अशा जागी असावा, की तो जमलेल्या मंडळीचाच भाग आहे हे दिसेल. माझं मत विचाराल तर बाजूला, जरा तिरकं, अर्धं तोंड वेदीकडे आणि अर्धं लोकांकडे. आणि प्रत्येकापुढे माइक नको. माइकवरचा क्वायर कितीही नम्रपणे गायला तरी मंडळीला झाकूनच टाकतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेच्या बहुतेक चर्चमध्ये तर वाद्यच नसतं, नुसता माणसाचा आवाज, आणि त्यांचं काही अडत नाही.

राहता राहिला संख्येचा प्रश्न, म्हणजे खरं तर टेनरचा. बायबलमधल्या 'इतिहास' नावाच्या पहिल्या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात, दावीद राजाने नेमलेले शिकलेले गायक २८८ होते म्हणे. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता. पुढे यहोशाफाट राजाने तर गायकांना सैन्याच्याही पुढे चालवलं, तेच "त्याची दया सनातन आहे" म्हणत. त्या दिवशी सरावाला किती जणांचा घसा बसला असेल, याचा मी नेहमी विचार करते.

जर्मन संगीतकार बाखची गोष्ट जास्त जवळची वाटते. २३ ऑगस्ट १७३० रोजी त्याने लाइपझिगच्या नगरपरिषदेला एक लांबलचक निवेदन दिलं. प्रत्येक क्वायरला किमान बारा गायक हवेत, दर आवाजाला तीन, म्हणजे एखादा आजारी पडला, आणि या दिवसांत ते फार होतं असं तो म्हणतो, तरी निदान दोन गटांत वाटलेलं गीत गाता येईल. सोळा मिळाले तर उत्तम. मग त्याने आपल्या क्वायरना मुलं पुरवणाऱ्या शाळेतल्या मुलांचा हिशेब मांडला: १७ उपयोगाचे, २० अजून तयार व्हायचेत, १७ अगदीच कुचकामी. एवढ्या माणसांतून चार चर्च सांभाळायची. बाखची ही अवस्था, तर आम्ही कोण? आमच्याकडे सोप्रानो सहा, आल्टो चार, बेस तीन आणि टेनर दोन. त्यातल्या एकाची परीक्षा आहे आणि दुसऱ्याला बेस म्हणायला जास्त आवडतं. सर तिसऱ्या बाकावरच्या एका काकांवर बरेच दिवस डोळा ठेवून आहेत, कारण ऑर्गन थांबतो त्या कडव्याला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. काका म्हणतात, मला नोटेशन वाचता येत नाही. सर म्हणतात, मंडळीतल्या कुणालाच येत नाही, तरी गातातच ना. येत्या गुरुवारी काका नुसते बसायला येणार आहेत.